अबोला धरण्याआधी : लग्नाच्या पहिल्या वर्षातील संवाद

भांडणानंतरच्या मौनाला मराठीत ‘अबोला’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि त्याला आपण ‘धरणे’ हे क्रियापद जोडतो. हट्ट धरावा तसा अबोला धरला जातो आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, तो सोडला जातो. भाषेने हे अचूक टिपले आहे, कारण ते मौन आपोआप घडत नसते, कोणीतरी ते जाणून हाती घेतलेले असते. हा लेख त्याच्या आधीच्या वेळेबद्दल आहे, म्हणजे मनात काहीतरी खुपू लागल्यापासून ते तोंड बंद होईपर्यंतच्या वेळेबद्दल. नुकतेच लग्न झालेल्या जोडप्यांसाठी तो लिहिला आहे. लग्न ठरवून झाले की प्रेमविवाह, दोघेच राहता की सासू-सासऱ्यांबरोबर, यांनुसार तपशील बदलतील, पण पायऱ्या फारशा बदलणार नाहीत.

माझे मुख्य म्हणणे असे आहे की पहिल्या वर्षातील बहुतेक भांडणे बोललेल्या शब्दांपेक्षा न बोललेल्या, उशिरा बोललेल्या किंवा भलत्याच माणसाजवळ बोललेल्या शब्दांमुळे होतात. म्हणून कामे दोन आहेत : आपल्याला नेमके काय वाटते आहे ते आधी स्वतःला कळणे आणि मग ते ज्याचे त्याला, थेट आणि वेळेवर सांगणे. हा क्रम उलटला की बोलणे भरपूर होते आणि संवाद मात्र होत नाही.

सुरुवातीलाच एक मर्यादा स्पष्ट करायला हवी. घरात मारहाण, धमक्या, पैशांची अडवणूक किंवा माहेरच्यांशी बोलण्यावर बंदी असे काही चालू असेल, तर तो संवादाचा प्रश्न नाही आणि अधिक गोड बोलून तो सुटणार नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शारीरिक छळाबरोबरच मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही येतो. महिलांसाठीच्या १८१ या किंवा तातडीच्या ११२ या क्रमांकावर मदत मागता येते. पुढील सर्व पायऱ्या दोघांनाही एकमेकांची भीती वाटत नाही, असे गृहीत धरूनच लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : रागाच्या आधी काय आले होते ते पाहा

हिंजवडीहून बसने निघालेली ती साडेआठला घरी पोहोचते. ओट्याजवळच्या सिंकमध्ये सकाळची भांडी तशीच आहेत आणि तो सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला आहे. ती म्हणते, “तुला काही दिसतच नाही का?” तो म्हणतो, “आल्या आल्या सुरू झालीस?” या दोन वाक्यांनंतर जे काही होते त्याला दोघेही ‘भांड्यांवरून झालेले भांडण’ म्हणतात. पण तिच्या रागाच्या आधी थकवा होता आणि त्याच्याही आधी ‘आज कोणीतरी माझी वाट पाहत असेल’ ही आशा होती. त्याच्या बाजूला कार्यालयात चारचौघांत ऐकून घ्यावे लागल्याचा अपमान होता, जो त्याने अजून कोणालाच सांगितलेला नव्हता. राग दारात उभा राहतो आणि मागच्या माणसांना दिसू देत नाही.

मागे कोण उभे आहे हे ओळखण्याची सुरुवात शरीरापासून करणे सोपे जाते, कारण मन सारवासारव करते आणि शरीर सहसा करत नाही. घशात आवंढा येणे, जबडा आवळला जाणे, कानशिले तापणे, पोटात गोळा येणे, छाती धडधडणे यांपैकी तुमच्याकडे आधी काय येते ते शोधा. दोन आठवडे, रोज रात्री पाच मिनिटे, एका साध्या वहीत चार गोष्टी लिहा : काय घडले, शरीरात काय जाणवले, कोणती भावना होती आणि त्या क्षणी मनात कोणते वाक्य आले.

ते चौथे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा गाभा हाच आहे आणि मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकाला ती पद्धत परकी राहिलेली नाही. घटना थेट भावना निर्माण करत नाही, मध्ये आपला एक समज उभा असतो, असे ही पद्धत सांगते. भांडी पडून होती ही घटना आहे. ‘याला माझी किंमत नाही’ हा समज आहे. संताप त्या समजातून आला आहे. समज खराही असू शकतो, पण तो अजून तपासलेला नाही एवढे लक्षात आले तरी पहिले वाक्य बोलण्याचा सूर बदलतो.

दुसरी पायरी : भावनेला तिचा नेमका शब्द द्या

बहुतेकांची भावनांची यादी ‘बरं वाटलं’, ‘वाईट वाटलं’, ‘राग आला’ आणि ‘टेन्शन आलं’ एवढ्यावर संपते. ही आपली उणीव आहे, भाषेची नाही. हवी असलेली गोष्ट ऐन वेळी हुकते तेव्हा होतो तो हिरमोड. करायचे ते राहून गेले म्हणून लागते ती चुटपुट आणि ती दिवसेंदिवस टिकली की तिची रुखरुख होते. दोन्हीकडून ओढले जाताना होते ती घालमेल. चारचौघांत आपली चूक उघडी पडल्यावर माणूस ओशाळतो आणि नव्या घरात कुठे बसावे, काय बोलावे हे न कळून तो कानकोंडा होतो. अंगावर येईल असे काही घडण्याच्या भीतीला धास्ती म्हणतात, तर माहेरची आठवण संध्याकाळी येते आणि तिला कारण सापडत नाही तेव्हा हुरहूर म्हणतात. वैताग, चीड, त्रागा आणि संताप ही रागाचीच चार वेगवेगळी रूपे आहेत आणि प्रत्येकाला लागणारा उपाय वेगळा आहे. वैतागलेल्या माणसाला कदाचित जेवण आणि झोप हवी असते. त्रागा करणाऱ्याला मात्र आपले कोणीच ऐकत नाही असे वाटत असते, त्याला झोप देऊन भागत नाही.

शब्द सापडण्याने प्रत्यक्षात फरक पडतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भावनादर्शक चेहरे पाहणाऱ्यांनी त्या भावनेला शब्द दिला, तेव्हा मेंदूतील धोक्याची सूचना देणाऱ्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. आजीने रडणाऱ्या नातवाला जवळ घेऊन “घाबरलास होय रे?” असे विचारले की तो शांत होऊ लागतो, त्यामागे यातलेच काहीतरी असावे.

येथे मराठीच्या रचनेचा एक फायदा आणि एक सापळा दोन्ही सांगायला हवेत. ‘मला वाईट वाटलं’, ‘मला भीती वाटली’ अशा वाक्यांत भावना आपल्याकडे येते आणि समोरच्यावर आरोप होत नाही. पण ‘वाटणे’ हे क्रियापद भावनेसाठी जसे चालते तसेच मतासाठीही चालते. ‘मला वाटतं, तुला फक्त तुझे मित्र महत्त्वाचे आहेत’ हे वाक्य भावनेचा पोशाख घातलेला आरोप आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे : ‘वाटतं’नंतर स्वल्पविराम किंवा ‘की’ आला तर बहुधा मत येते. ‘वाटतं’च्या आधी एकच शब्द असेल, जसे एकटं, परकं, धास्तावल्यासारखं, तर बहुधा भावना येते.

तिसरी पायरी : वेळ पाहून, थेट आणि पुरे होईल असे मागा

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांनी अहिंसक संवादाची जी पद्धत शिकवली तिचे चार भाग आहेत : जे दिसले ते, जे वाटले ते, जे हवे आहे ते आणि त्यासाठीची विनंती. नवशिक्यांसाठी याहून सोयीचा साचा मला माहीत नाही. मात्र तो पाठ केल्यासारखा म्हटला तर समोरच्याला ते परीक्षेतले उत्तर वाटते, म्हणून आपल्या रोजच्या भाषेतच बोलावे. भांड्यांच्या प्रसंगी ती असे म्हणू शकली असती : “आज आले तेव्हा सकाळची भांडी तशीच होती. मी इतकी दमले होते की बघून एकदम एकटं वाटलं. घर दोघांचं आहे असं मला जाणवायला हवंय. जो आधी घरी येईल त्याने भांडी घासायची, असं ठरवूया का?” यात काय दिसले ते कॅमेऱ्याने टिपावे तसे आहे. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द नाहीत आणि हेच शब्द बहुतेक वेळा एका दिवसाच्या तक्रारीचा संपूर्ण स्वभावावरचा खटला करतात. शेवटी विनंती आहे, तीही आजपासून करता येईल अशी. ‘माझी जरा कदर कर’ ही विनंती होत नाही, कारण ती पूर्ण झाली की नाही हे कोणालाच ठरवता येत नाही. समोरचा ‘नाही’ म्हणाला आणि त्यावर आपण चिडलो, तर आपण विनंती केली नव्हती, हुकूम सोडला होता, हेही ओळखून ठेवावे.

सुरुवातीचा सूर फार महत्त्वाचा असतो. जोडप्यांच्या संवादाचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी सिबिल कॅरेर यांच्यासह नवविवाहित जोडप्यांवर केलेला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वादाच्या पहिल्या तीन मिनिटांवरच आधारलेला आहे. कोणती जोडपी पुढे विभक्त होण्याची शक्यता अधिक आहे, याचा अंदाज त्या तीन मिनिटांवरूनही बांधता येतो असे त्यात आढळले. जो वाद टोचून सुरू होतो तो बहुधा तसाच संपतो.

वेळेचे म्हणाल तर भूक, झोप आणि पाहुणे या तिन्हींच्या तोंडावर कोणताही विषय काढू नये. आमच्या घरी या कामासाठी शतपावलीची वेळ ठरून गेली आहे. रात्रीच्या जेवणानंतर इमारतीभोवती चालताना दोघांची तोंडे एकाच दिशेला असतात, डोळ्यांत डोळे घालण्याचा ताण नसतो, हातात मोबाइल नसतो आणि रस्त्यावर आवाज आपोआप खाली राहतो. अवघड बोलणे तिथे जितके सोपे होते तितके ते स्वयंपाकघरात कधीच झाले नाही.

चौथी पायरी : ऐकताना उपाय देण्याची घाई करू नका

ऐकणाऱ्याच्या तोंडून निघणारे सर्वांत महागात पडणारे वाक्य म्हणजे “अगं, एवढं काय त्यात!” हे वाक्य बहुतेक वेळा चांगल्या हेतूने, धीर देण्यासाठी म्हटले जाते. मन मोकळे करणाऱ्याला मात्र ‘तुझी भावना चुकीच्या मापाची आहे’ एवढेच ऐकू येते. त्याऐवजी जे ऐकले ते आपल्या शब्दांत परत म्हणून पाहावे : “म्हणजे सगळ्यांसमोर साहेब बोलले याचा त्रास जास्त झाला, कामाचा नाही, असं का?” चुकले असेल तर समोरचा दुरुस्त करेल आणि त्या दुरुस्तीतच अर्धे मन मोकळे होईल. मग एक प्रश्न विचारावा, जो मी प्रत्येक नव्या जोडप्याला आवर्जून सांगेन : “तुला मी काही सुचवू, की नुसतं ऐकू?” अनेकदा उत्तर ‘नुसतं ऐक’ असेच येते.

ऐकणे केवळ गंभीर प्रसंगी करायचे नसते. “बघ ना, पाऊस किती लागलाय”, “आज ट्रेनमध्ये काय झालं माहितीये?” अशी वाक्ये दिवसभर येत असतात आणि ती माहितीसाठी नसतात, ती बोलावणी असतात. गॉटमन यांनी नवविवाहितांचा सहा वर्षांनी पुन्हा मागोवा घेतला. तेव्हा एकत्र असलेल्या जोडप्यांनी आरंभीच्या निरीक्षणात अशा बोलावण्यांना सुमारे ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिलेला होता, विभक्त झालेल्यांनी ३३ टक्के वेळा. हे आकडे अमेरिकेतील आहेत आणि आपल्या घरांना जसेच्या तसे लावू नयेत. पण मोबाइलवरून मान वर करून खिडकीबाहेर पाहायला दोन सेकंद लागतात.

पाचवी पायरी : ज्याचे त्याला सांगा

आपल्या घरांमध्ये हीच पायरी सर्वांत अवघड जाते. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुजली आहे, कारण आडून बोलणे ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत आहे. एकत्र कुटुंबात थेट बोलण्याची मुभा नसलेल्यांनी ती शोधून काढली असावी आणि तिच्यात स्वतःला वाचवण्याचे शहाणपणही असावे. पण जिला ऐकू जावे म्हणून ते बोलले जाते तिला उत्तर देण्याची सोय त्यात नसते आणि न दिलेली उत्तरे साठत जातात.

नागपूरहून पुण्यात आलेल्या सुनेने झणझणीत वरण-भाजी केली आणि सासूबाई लेकीला फोनवर म्हणाल्या, “आमच्याकडे आमटीत गूळ घालतात, पण हल्ली कोण विचारतं!” यावर तीन गोष्टी होऊ शकतात. सून गप्प बसेल आणि रात्री नवऱ्याला ऐकवेल. नवरा आईला जाऊन सांगेल की ‘ती दुखावली आहे’. आई म्हणेल की ‘मी तिला काही बोललेच नाही’. त्यानंतर तिघांपैकी कोणाचाच कोणावर विश्वास उरत नाही. त्याऐवजी फोन संपल्यावर सून मऊ आवाजात ते आडून आलेले बोलणे सरळ करू शकते : “अहो आई, गूळ राहिला का? मला सवय नाही हो. उद्या तुम्ही सांगाल तेवढा घालते, आणि एखाद्या दिवशी आमच्याकडची तिखट भाजी करू का?” प्रत्येक सासूबाई यावर विरघळतील असे मी म्हणणार नाही, पण मनात धरून ठेवण्याजोगे काही मागे उरत नाही.

नवऱ्याने येथे टपाल्याचे काम करू नये. ‘आई असं म्हणाली’ आणि ‘ती तसं म्हणाली’ अशी ने-आण करणारा माणूस स्वतःला मध्यस्थ समजतो, पण प्रत्येक फेरीत निरोपाला थोडे विष चढते. मात्र जिथे बोलण्याचा अधिकार दोघांपैकी एकाचाच आहे, तिथे त्याने किंवा तिने ते स्वतः बोलावे. आपल्या आई-वडिलांशी आपण बोलायचे, जोडीदाराला पुढे करायचे नाही, असा नियम दोघांनी सुरुवातीलाच ठरवला तर पुढचा बराच त्रास वाचतो. ‘तिला आवडत नाही’ असे आईला सांगण्याऐवजी ‘आम्ही दोघांनी असं ठरवलंय’ असे सांगणे हा त्याच नियमाचा भाग आहे.

‘आम्ही’वरून आठवले. मराठीत ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. नव्या घरात ‘आमच्याकडे असं नसतं’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी दिवसातून किती वेळा येते ते एक आठवडा मोजून पाहा. गणपतीत कोणाच्या घरी, दिवाळसणाला किती दिवस, हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचे हे सगळे प्रश्न ‘आमच्याकडे’ने सुरू झाले की दोन घराण्यांची बाजू मांडणे सुरू होते. तेच श्रावण लागण्याआधी, कॅलेंडर समोर ठेवून, ‘आपण या वर्षी काय करूया?’ असे विचारले की निर्णय होतो.

सहावी पायरी : वाद तापला तर थांबा, पण परत येण्याची वेळ सांगून

वादात हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की ऐकणे आणि विचार करणे जवळजवळ थांबते, असे गॉटमन सांगतात, आणि शरीर पूर्वपदावर यायला निदान वीस मिनिटे लागतात. त्यामुळे थांबणे हा पळपुटेपणा ठरत नाही. “आत्ता मी काहीतरी लागेल असं बोलेन. मी खाली चक्कर मारून येतो, साडेनऊला बोलूया” असे सांगून जाणे आणि दार आपटून जाणे यांत फरक परतीच्या वेळेचा आहे. वेळ सांगितली तर ती विश्रांती होते, न सांगितली तर तोच अबोला होतो. त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात पुढचे मुद्दे धारदार करत बसू नये, नाहीतर ठोके खाली येत नाहीत.

वादात सर्व गोष्टी सारख्याच घातक नसतात. टीका, बचाव आणि मौनाची भिंत यांच्यापेक्षा तुच्छता अधिक नासधूस करते, असे गॉटमन यांचे निरीक्षण आहे आणि मला ते पूर्ण पटते. ओठ मुडपणे, नक्कल करणे, शिक्षणावरून किंवा माहेरच्या परिस्थितीवरून टोमणा मारणे हे शब्द परत घेता येत नाहीत. भांडणातही कधीच ओलांडायच्या नाहीत अशा दोन-तीन रेषा शांत दिवशी बसून लिहून काढाव्यात.

माफीबद्दल एकच. “माझं चुकलं असेल तर माफ कर” यात माफी नाही, कारण चूक झाली की नाही हेच त्यात अधांतरी ठेवले आहे. “काल तुझ्या भावासमोर मी तुझ्या पगारावरून बोलले, ते चुकलं. पुन्हा असं करणार नाही” यात चूक कोणती तेही आहे आणि पुढे काय तेही.

जे सुटणार नाही त्याचे काय?

जोडप्यांमधील सुमारे ६९ टक्के वाद कायमचे असतात, म्हणजे स्वभाव आणि सवयींच्या फरकातून पुन्हा पुन्हा येणारे, असे गॉटमन यांच्या अभ्यासात दिसले. मला हा आकडा दिलासा देणारा वाटतो. एक जण खर्च लिहून ठेवतो आणि दुसऱ्याला ते कंजूषपणाचे वाटते, एकाला पहाटे उठायचे असते आणि दुसऱ्याला रात्री जागायचे असते, हे पाचव्या वर्षीही तसेच असेल. त्याच्याशी नीट राहता यावे म्हणून एक सोय लावता येते. पैशांचे बोलणे महिन्याच्या पहिल्या रविवारी, ठरलेल्या अर्ध्या तासात करावे, म्हणजे ते उरलेल्या एकोणतीस दिवसांत डोकावत नाही.

हे सर्व करूनही तेच भांडण त्याच शब्दांत महिनोन्‌महिने होत राहिले, दोघांपैकी एकाची झोप किंवा भूक उडाली किंवा घरी यायलाच नको वाटू लागले, तर विवाह समुपदेशकाकडे जावे. तिथे कोण बरोबर हे ठरवून मिळत नाही. पहिल्या भेटीत बहुधा दोघांना आपापली बाजू न अडवता सांगू दिली जाते आणि तेवढेही घरी कित्येक महिन्यांत घडलेले नसते. मन खचले असेल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. जोडीदार यायला तयार नसेल तर एकट्याने जावे आणि ते त्याच्यापासून किंवा तिच्यापासून लपवू नये. “मी उद्या समुपदेशकाकडे चाललेय, मला आपल्याबद्दल बोलायचंय. तुला कधीही यावंसं वाटलं तर ये” एवढे सांगून दार उघडे ठेवता येते.